पहिली कमाई आणि शाळेची घंटा

(सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त खापा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या व्यासपीठावरून बहुधा मोठ्या विषयांवर भाषणे होतात. आजचा विषय तसा लहान आहे. दहावी-अकरावीत शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने शाळा न सोडता दिवसातील दोन-तीन तास काम करून चार पैसे मिळवावेत की मिळवू नयेत, आणि मिळवायचे ठरवलेच तर ते काम शोधावे कसे, एवढाच हा विषय होय. परंतु ज्या घरात हा प्रश्न उभा राहतो, त्या घरात तो लहान नसतो. परीक्षेचा अर्ज भरायचा असतो, सायकलची चाके बदलायची असतात, वडिलांची मिळकत आटलेली असते, आणि सोळा वर्षांचा मुलगा रात्रीच्या जेवणाच्या वेळी खाली मान घालून म्हणतो, "मी कुठे कामाला लागू का?" त्या क्षणी घरातील माणसे एकमेकांकडे पाहतात. आईला वाटते, आता याची शाळा सुटणार. वडिलांना वाटते, लोक काय म्हणतील. दोघांचीही भीती खरी असते आणि तिला उत्तर देण्यापूर्वी थोडे मागे वळून पाहणे इष्ट ठरेल.

खाप्याला कामाची ओळख नव्याने करून देण्याची आवश्यकता नाही. कन्हान नदीच्या काठी वसलेले हे गाव एके काळी हातमागाच्या कापडासाठी नावाजलेले होते. विणकराच्या घरात काम आणि शिक्षण अशा दोन वेगळ्या खोल्या नव्हत्या. मागावर बाप बसे, सूत उकलण्याचे आणि कांड्या भरण्याचे काम घरातील बायका-मुले करीत. मुलगा कांडी भरता भरता सुताची जात ओळखू लागे. व्यापारी घरांतही याहून वेगळे काही नव्हते. शाळेतून आलेला मुलगा दप्तर ठेवून दुकानावर बसे, गिऱ्हाइकाला 'या, बसा' म्हणायला शिके, तराजूची दांडी आणि गल्ल्याचा हिशेब त्याच्या अंगवळणी पडे. रात्री रोजमेळ जुळला नाही तर आजोबा त्याला पुन्हा पहिल्या ओळीपासून बेरीज करायला लावीत. याला कोणी नोकरी म्हणत नसे. त्याचा पगारही नसे.

या व्यवस्थेचे गोडवे गाण्याची आपल्याकडे रीत आहे. तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ज्याच्या बापाचे दुकान होते, त्याला दुकान मिळाले. ज्याच्या बापाचा माग होता, त्याला माग मिळाला. आणि ज्याच्या बापाकडे यांपैकी काहीच नव्हते, तो मुलगा दुसऱ्याच्या दारात गेला तेव्हा त्याची शाळा पहिल्याच वर्षी सुटली. घरच्या मुलाला परीक्षेच्या आदल्या दिवशी दुकानातून उठवले जाई. नोकर मुलाला कोण उठवणार? पहिल्या कमाईचा खरा प्रश्न इथे आहे. काम करावे की नाही हा तो प्रश्न नाही. कामाच्या वेळी शाळेची घंटा कोणाला ऐकू येते, हा तो प्रश्न आहे.

महाराष्ट्रात या प्रश्नाला सर्वांत मोठे आणि सर्वांत टिकाऊ उत्तर ज्या माणसाने दिले, तो एका जैन कुटुंबात जन्मला होता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील सरकारी महसूल खात्यात नोकरीला. मुलाने शिकावे म्हणून त्याला कोल्हापूरला राजाराम हायस्कुलात घातले आणि जैन बोर्डिंगात ठेवले. भाऊराव अभ्यासात रमले नाहीत. कुस्ती, पोहणे आणि कोणाच्याही भांडणात न्यायाच्या बाजूने उडी घेणे यांत मात्र रमले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले, परत आल्यावर स्नान करून शुद्ध होण्यास त्यांनी नकार दिला, आणि बोर्डिंगातील त्यांची जागा गेली. मॅट्रिकचा टप्पा त्यांनी कधीच गाठला नाही. पुढे ज्याच्या नावाने शेकडो शाळा चालल्या, त्या माणसाजवळ स्वतःचे शालान्त प्रमाणपत्र नव्हते.

लग्न झाले, वय वाढले, हाताला काम नाही. कोरेगावच्या घरी वडिलांचे बोल ऐकावे लागले. बसून खाणाऱ्या मुलाला बापाने बोलावे यात नवल ते काय! भाऊराव साताऱ्याला आले आणि त्यांनी शिकवण्या धरल्या. जो स्वतः परीक्षेत मागे पडला, तो दुसऱ्यांच्या मुलांना घरोघर जाऊन शिकवू लागला आणि साताऱ्यात 'पाटील मास्तर' म्हणून ओळखला जाऊ लागला. ही त्यांची पहिली खरी कमाई होय. पुढे त्यांनी ओगल्यांच्या काचसामानाची विक्री केली, किर्लोस्करांचे लोखंडी नांगर गावोगाव फिरून खपवले. नांगर विकताना शेतकऱ्याच्या ओसरीवर बसावे लागे, आणि ओसरीवर बसले की घरातील न शिकणारी मुले दिसत. विक्रेत्याच्या या भटकंतीने त्यांना जे दाखवले, ते कोणत्याही वर्गात दिसले नसते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झाले. सर्व जातीधर्मांची मुले तेथे एका पंक्तीला जेवत. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नामकरण झाले. या वसतिगृहाचा खर्च चालावा कसा? गावोगावच्या घरांतून मूठ मूठ धान्य गोळा झाले. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मुलांच्या पोटासाठी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रसुद्धा. आणि राहिलेला वाटा मुलांनी स्वतः उचलला. स्वयंपाक, पाणी, सरपण, शेतावरील खुरपणी-नांगरणी, इमारतीचे दगड वाहणे अशी कामे विद्यार्थीच करीत.

येथे एक बारकावा ध्यानात घेण्यासारखा आहे. त्या काळी गरीब विद्यार्थ्याला मदत मिळत नव्हती असे नाही. माधुकरी होती, वार लावून जेवणे होते. पुण्यात कित्येक विद्वान पुरुष वार लावून शिकले. परंतु त्यात मुलाला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागे आणि ते दार सर्वांसाठी उघडत नसे. भाऊरावांनी त्या दारात उभे राहण्याची गरजच काढून टाकली. मुलगा दोन तास खुरपे चालवतो आणि मग जेवतो. ते जेवण त्याचे स्वतःचे असते. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे रयतचे वाक्य भिंतीवर लिहिण्यापुरते नव्हते. १९४० साली साताऱ्यात महाराज सयाजीराव हायस्कूल निघाले, १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, आणि 'कमवा आणि शिका' ही पद्धत शाळेतून महाविद्यालयापर्यंत गेली. या पद्धतीत वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आपल्या विदर्भात त्याच सुमारास दुसरा एक प्रयोग चालला होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींनी नई तालीम मांडली. सूतकताईसारख्या हस्तोद्योगातून मुलाने गणित, भूगोल, विज्ञान शिकावे, आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या विक्रीतून शाळेच्या खर्चाला हातभार लागावा, अशी ती कल्पना होती. दोन्ही प्रयोगांत फरक आहे. वर्ध्याला काम हेच शिकण्याचे माध्यम होते. साताऱ्याला काम ही शिक्षणाची फी होती. शिकायचे ते वर्गातच. पहिली कल्पना अधिक सुंदर आहे, हे मान्य करावे लागेल. टिकली मात्र दुसरी अधिक, कारण तिच्यात शिक्षकावर कमी भार होता आणि मुलाला काय मिळते ते त्याला त्याच दिवशी संध्याकाळी ताटात दिसत होते.

पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत कर्मवीरांच्या नावाने 'कमवा आणि शिका' योजना चालते. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशा ठिकाणी विद्यार्थी ठरावीक तास काम करतात आणि तासांप्रमाणे मानधन घेतात. बारावीनंतर नागपूरला किंवा पुण्याला जाणाऱ्या मुलामुलींनी महाविद्यालयात पाऊल टाकताच विद्यार्थी कल्याण विभागात अशा योजनेची चौकशी करावी. अर्ज सत्राच्या आरंभी घेतले जातात आणि उशिरा येणाऱ्याला जागा उरत नाही. फीमाफीच्या रांगेत जितकी मुले दिसतात, तितकी या खिडकीवर दिसत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे.

पहिल्या कमाईची आठवण माणूस किती जपतो, याचे उदाहरण डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या आत्मचरित्रात आहे. १९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा कलाम आठ वर्षांचे होते. चिंचोक्यांना एकाएकी मागणी आली, तेव्हा ते गोळा करून दुकानात देत आणि दिवसाला एक आणा मिळवीत. पुढे रामेश्वरमला गाडी थांबणे बंद झाले, वर्तमानपत्रांचे गठ्ठे धावत्या गाडीतून फेकले जाऊ लागले. ते झेलण्यासाठी त्यांचे चुलत बंधू शम्सुद्दीन यांना मदतनीस हवा होता, आणि ते काम कलामांना मिळाले. अर्धशतक उलटून गेल्यावरही त्या पहिल्या कमाईचा अभिमान त्यांच्या मनात ताजा होता. देशाच्या सर्वोच्च पदावर बसलेल्या माणसाने हे मोकळेपणाने लिहिले आणि आपल्याकडे मात्र शेजाऱ्याच्या स्टेशनरी दुकानात मुलगा दिसला की वडील ओशाळतात!

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. कलामांच्या बालपणीची गोष्ट आज तशीच्या तशी करता येणार नाही आणि करूही नये, कारण मध्यंतरी देशाने कायदा केला आहे. या सभेत दुकानदार बरेच आहेत, तेव्हा हा भाग त्यांनीही ऐकावा.

बालकामगार कायदा १९८६ सालचा. २०१६ साली त्यात मोठी दुरुस्ती झाली. तिच्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामावर ठेवता येत नाही. अपवाद घरच्या धंद्याचा, तोही शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि काम धोक्याचे नसेल तरच. हा नियम मोडणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा २० हजारांपासून ५० हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. १४ ते १८ या वयाच्या मुलांना कायद्याने 'किशोर' म्हटले आहे. त्यांना काम करता येते, परंतु खाणी, स्फोटक व ज्वालाग्राही पदार्थ आणि धोकादायक प्रक्रिया येथे नाही. आपल्या गावाजवळ गुमगावची मँगनीजची खाण आहे, म्हणून हे स्पष्ट सांगणे अगत्याचे आहे. अठरा पूर्ण झाल्यावाचून खाणीतील काम नाही, मग ओळख कोणाचीही असो.

किशोरांच्या कामाच्या वेळांचेही नियम आहेत. सलग तीन तासांपेक्षा अधिक काम नाही, त्यानंतर किमान एक तास विश्रांती. विश्रांतीसकट सगळे मिळून सहा तासांच्या आत. संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी आठपूर्वी काम नाही. जादा तास नाहीत. आठवड्यात एक पूर्ण दिवस सुट्टी. एकाच दिवशी दोन ठिकाणी काम नाही. आता हिशेब करून पाहावा. शाळा पाचला सुटली, मुलगा घरी जाऊन दोन घास खाऊन साडेपाचला दुकानात आला, तर सातपर्यंत दीड तास होतो. अकरावी-बारावीचे वर्ग सकाळचे असतील तर दुपारचे तीन तास मिळतात. याहून अधिक तास जो मागतो, तो मुलाची शाळा मागतो, असे समजावे. दुकानदार म्हणतील, खरी गर्दी तर सातनंतरच असते. ते बरोबर आहे. परंतु गर्दीच्या वेळेसाठी मोठा माणूस ठेवावा. माल लावणे, पुड्या बांधणे, उधारीच्या वहीची बेरीज, संगणकावर बिलांची नोंद, मागवायच्या मालाची यादी ही कामे दुपारी होतात, आणि ती शिकण्याजोगीही असतात.

परदेशी गेलेल्या मराठी कुटुंबांतील मुले पंधराव्या-सोळाव्या वर्षी ग्रंथालयात, आइस्क्रीमच्या दुकानात काम करतात, याचे आपल्याकडे कौतुक होते. तेथील नियम मात्र कोणी सांगत नाही. अमेरिकेत १९३८ च्या श्रमकायद्याखाली १४-१५ वर्षांच्या मुलाला शाळेच्या दिवशी तीन तास आणि शाळा चालू असलेल्या आठवड्यात एकूण १८ तासच काम करता येते. शाळेच्या दिवसांत संध्याकाळी सातनंतर नाही. म्हणजे आपला कायदा काही जगावेगळा नाही. फरक एवढाच, की तेथे मालक घड्याळ पाहतो आणि आपल्याकडे 'घरचाच मुलगा आहे' म्हणून घड्याळ उलटे ठेवले जाते.

'घरचाच मुलगा' हा शब्दप्रयोग मोठा मायाळू आहे आणि फार महागही. ओळखीने आलेल्या मुलाला पगार ठरवून दिला जात नाही. महिना संपला की हातावर काही तरी टेकवले जाते, दिवाळीला शर्टाचे कापड दिले जाते. मुलगा संकोचाने विचारत नाही, बापाला विचारणे अप्रशस्त वाटते. यात दुकानदाराचा हेतू वाईट असतोच असे नाही. परंतु मुलाची पहिली कमाई ही त्याच्या आयुष्यातील पहिली व्यावहारिक भाषा असते, आणि या भाषेत तो शिकतो काय, तर आपल्या श्रमाची किंमत समोरच्याच्या मर्जीवर असते. त्यापेक्षा पहिल्या दिवशीच किती वाजता यायचे, किती वाजता जायचे, तासाचे किंवा महिन्याचे किती, आणि कोणत्या तारखेला, या चार गोष्टी कागदाच्या एका चिठोऱ्यावर लिहून दोघांनी जवळ ठेवाव्यात. अज्ञान व्यक्तीशी केलेला करार कायद्याने बंधनकारक नसतो, म्हणून त्यावर आई किंवा वडिलांची सही असावी. परीक्षेच्या काळात सुट्टी, हे पाचवे कलमही त्यात असावे. कागद झाल्याने प्रेम कमी होते, हा समज व्यापाऱ्यांनी तरी बाळगू नये. सख्ख्या भावाशीसुद्धा खाते ठेवणारी ही माणसे आहेत!

काम शोधावे कसे? खाप्यासारख्या गावात जाहिरात पाहून काम मिळत नाही, ओळखीने आणि पायपिटीने मिळते. मुलाने स्वतः जावे. वडिलांनी शब्द टाकून मिळवलेले काम वडिलांचेच राहते. दुपारी, गिऱ्हाईक कमी असताना जावे. आपण काय करू शकतो ते सांगावे. आपल्याला कशाची गरज आहे ते सांगत बसू नये. "मला काही काम द्या" या वाक्याला नकार देणे सोपे असते. "काका, मला मराठी-इंग्रजी टंकलेखन येते, मी रोज दुपारी दोन तास तुमची बिले भरून देईन" याला नकार देण्यापूर्वी माणूस विचार करतो. नकार आलाच तर नमस्कार करून निघावे आणि पुढच्या दुकानात जावे. पहिल्या तीन नकारांनंतर बरीच मुले घरी परततात. चौथे दुकान म्हणून कोणी पाहतच नाही.

कामाचे प्रकारही गावाच्या रचनेतून येतात. सावनेर, काटोल, नरखेड हा संत्र्याचा मुलूख आहे. दिवाळीच्या आगेमागे आंबिया बहाराचे फळ निघते, उन्हाळ्याच्या तोंडाशी मृग बहाराचे. प्रतवारी, मोजणी, वजनाची नोंद अशी हलकी कामे त्या दिवसांत निघतात. दहावीची परीक्षा आटोपल्यावरचे दोन महिने तर मोकळेच असतात. त्या काळात तीन तास काम आणि उरलेल्या वेळेत संगणकाचा किंवा हिशेबाचा एखादा वर्ग, हा मेळ चांगला बसतो. सर्वांत उत्तम काम मात्र शिकवणीचे. नववी-दहावीच्या विद्यार्थ्याने तिसरी-चौथीच्या चार मुलांना रोज एक तास शिकवावे. भांडवल लागत नाही, घराच्या ओसरीवर होते, आणि शिकवताना स्वतःचे कच्चे गणित उघडे पडून पक्के होते. महर्षी धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकत असताना शिकवण्या करूनच आपला खर्च भागवीत.

मुलींचा विचार या विषयात शेवटी येतो, हाच मुळात दोष आहे. मुलगी घरी आईच्या हाताखाली दिवसाला चार तास राबते. त्याला काम म्हणत नाहीत आणि त्यामुळे तिचा अभ्यास बुडतो असेही कोणाला वाटत नाही. तिने शिकवणी घेतली, शिवणाचे काम केले, दुपारी पुस्तकांच्या दुकानात दोन तास हिशेब पाहिला तर मात्र घरात सभा भरते. सातच्या आत घरी, हा नियम आता कायद्यानेच मुलगा-मुलगी दोघांना सारखा केला आहे. तेव्हा वेळेची सबब उरलेली नाही. राहिली सुरक्षितता, तर जिथे आई किंवा आत्या जाऊन जागा पाहून येईल, दुकानात आणखी बायामाणसे असतील, अशी जागा निवडावी. मुलासाठीही जागा पाहून यावी. फसवणूक मुलांचीही होते.

फसवणुकीचा विषय निघालाच आहे तर दोन गोष्टी ठासून सांगायला हव्यात. मोबाईलवर 'घरबसल्या टंकलेखन करा, महिन्याला एवढे हजार मिळवा' असे निरोप येतात आणि आरंभी नोंदणीची रक्कम मागितली जाते. काम देणारा पैसे देतो. जो आधी मागतो, त्याच्याजवळ काम नसते. दुसरी गोष्ट अधिक घातक. 'तुझे बँक खाते काही दिवस वापरायला दे, टक्केवारी देतो' असे कोणी सांगितले तर समजावे की चोरीचा पैसा फिरवायला खाते हवे आहे. अशा खात्यांचा शोध घेत पोलीस खातेदाराच्या दारात येतात, आणि खातेदार सोळा-सतरा वर्षांचा विद्यार्थी निघतो. आपले खाते आणि आपले मोबाईलचे कार्ड ही मागायची आणि द्यायची वस्तूच नव्हे.

तसेच वाहनाचे. अठरा वर्षांपूर्वी गिअरच्या दुचाकीचा परवाना मिळत नाही. सोळाव्या वर्षी मिळतो तो बिनागिअरच्या, ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा. 'जरा हे पार्सल देऊन ये' म्हणून दुकानदार आपली स्कूटर मुलाच्या हाती देतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने गाडी चालवल्यास पालक किंवा गाडीमालक यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. सायकलवरून जेवढे जाईल तेवढेच पार्सल मुलाच्या हाती द्यावे.

मिळालेला पैसा जावा कोठे? रिझर्व्ह बँकेने २०१४ साली दहा वर्षांवरील मुलांना स्वतःच्या सहीने बचत खाते चालवण्याची मुभा बँकांना दिली. तेव्हा खाते मुलाच्या नावाचे असावे आणि पगार त्यात जमा व्हावा. व्यापाऱ्यांच्या एका शंकेचे निरसन येथेच करता येईल. अज्ञान मुलाचे व्याजासारखे उत्पन्न आईवडिलांच्या उत्पन्नात मिळवले जाते, परंतु स्वतःच्या श्रमाने किंवा कौशल्याने मिळवलेली कमाई मिळवली जात नाही. आयकर कायद्यानेसुद्धा मुलाचा घाम मुलाच्या नावावर ठेवला आहे. घरात मात्र तो पहिल्या तारखेलाच घरखर्चात जातो. घर अडचणीत असेल तर त्याला इलाज नाही, आणि त्या मुलाचे मोल कोणी कमी लेखू नये. परंतु निम्मी रक्कम तरी त्याच्या खात्यात राहू द्यावी. बारावीनंतरची पहिली फी भरताना तो कोणापुढे उभा राहणार नाही.

राहता राहिला सामाजिक संस्थांचा प्रश्न. गावोगावचे विश्वस्त मंडळ दर जूनमध्ये वह्या वाटते, शिष्यवृत्ती देते, गुणवंतांचा सत्कार करते. हे चालू राहावेच. परंतु शिष्यवृत्ती ज्याला ऐंशी टक्के मिळाले त्याच्याकडे जाते. पंचावन्न टक्क्यांचा मुलगा टाळ्या वाजवून घरी जातो. कोल्हापूरच्या शाळेत मागे पडलेला भाऊराव पाटील नावाचा विद्यार्थी आज असता, तर त्याला कोणत्याही सत्कारसमारंभात खुर्ची मिळाली नसती. अशा मुलांसाठी संस्थेच्या कचेरीत एक वही ठेवता येईल. डाव्या पानावर दुपारचे दोन तास काम देऊ शकणाऱ्या दुकानदारांची नावे, उजव्या पानावर काम हवे असलेल्या विद्यार्थ्यांची, वय आणि शाळेच्या वेळेसह. वयाचा दाखला पाहणे, चिठोऱ्यावर दोन्हीकडच्या सह्या घेणे आणि महिन्याकाठी शाळेतील हजेरी तपासणे, एवढे तीन उद्योग एखाद्या निवृत्त शिक्षकाने अंगावर घ्यावेत. हजेरी घसरली की काम थांबवावे. दुकानदाराला ते आधीच सांगून ठेवावे. ग्रंथालयाची पुस्तके झाडणे-लावणे, स्मरणिकांच्या जुन्या अंकांची सूची करणे, सभागृहाच्या नोंदी संगणकावर चढवणे अशी कामे तर संस्थेच्या घरातच पडून आहेत. पहिली दोन नावे डाव्या पानावर संस्थेनेच स्वतःची लिहावीत.

वहीची किंमत फार नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा मार्चअखेर आटोपतात आणि मुले मोकळी होतात. तोपर्यंत डावे पान भरलेले असावे.